मोटारीचं दावं

तामलवाडीचे बलभीमअण्णा हातानं बोलायचे असं सांगितलं, तर माणूस मारकुटा असेल असं कुणालाही वाटेल. तसं मुळीच नव्हतं. अण्णांचा हात पडायचा तो फक्त बैलाच्या पाठीवर, आणि तोही एकदाच. बाजारात बैल घ्यायचा असला की लोक आधी अण्णांना गाठायचे. अण्णा बैलाभोवती सावकाश फेरी घालायचे, दात बघायचे, खूर उचलून बघायचे, बैलाच्या कानाशी काहीतरी पुटपुटायचे, मग मागं सरकून डोळे बारीक करून उभे राहायचे. बैल नापसंत असला की खांद्यावरचं उपरणं झटकून चालू लागायचे. पसंत असला की वशिंडाच्या मागं उजव्या हाताची एक थाप. ओल्या जमिनीवर ढेकूळ पडावं तसा तिचा आवाज यायचा. थाप पडली की विषय संपला. घेणाऱ्यानं पुढं विचारायचं नाही, विकणाऱ्यानं पुढं बोलायचं नाही. पौषात नळदुर्गला खंडोबाची जत्रा भरते, तिथल्या जनावरांच्या बाजारात कितीतरी माणसं बैल बघायच्या आधी अण्णा आलेत का ते बघायची.

अण्णांची शेती बेताची होती. तिनं त्यांना भाकरी दिली. नाव दिलं ते या थापेनं. आणि अण्णांना नाव भाकरीइतकंच लागायचं.

अशा माणसानं आमच्या घरात मोटार आणली.

माझे वडील तुळजापुरात वकिली करायचे. आम्ही त्यांना तात्या म्हणायचो. पक्षकारही तेच म्हणायचे. निजामी जाऊन दहाएक वर्षं झाली होती. कोर्टातली उर्दू ओसरत चालली होती आणि मोठी कामं उस्मानाबादच्या जिल्हा कोर्टात चालायची. तिथं जायला एसटी होती. एसटीला वेळ असायची, पण ती तिची स्वतःची असायची. एकदा तात्या कोर्टात पोचले तेव्हा निकाल लागून पक्षकार जेवायला गेला होता. त्याहून वाईट म्हणजे निकाल त्याच्याच बाजूनं लागला होता. हरण्यापेक्षा तात्यांना ते जास्त लागलं. त्या संध्याकाळी त्यांनी मोटार घ्यायची ठरवली.

नवी मोटार आवाक्यातली नव्हती. जुन्या मात्र त्या वर्षांत पुष्कळ निघाल्या होत्या. जहागिरी गेल्या तशी जहागीरदारांची झुंबरं, घोडे आणि मोटारी एकेक पायरी उतरत मोंढ्याच्या बाजारापर्यंत आल्या होत्या. मुरूमचे चन्नबसप्पा हे करडईचे मोठे व्यापारी. त्यांच्याकडं अशीच एक विलायती मोटार होती. आता त्यांनी जीप घेतली होती, आणि मोटार कुणाला हवी आहे का असं ते विचारत होते.

तात्यांना मोटार चालवता यायची. हैदराबादला शिकताना एका मित्राच्या गाडीवर त्यांनी हात बसवला होता. पण चालवणं वेगळं आणि पारखणं वेगळं, हेही त्यांना कळत होतं. तेव्हा त्यांनी सोलापूरचा एखादा मिस्त्री गाठायला हवा होता. त्यांनी बलभीमअण्णांना बोलावणं पाठवलं.

त्यामागं एक युक्तिवाद होता, आणि वकिलाचा असल्यामुळं तो ऐकताना बरोबर वाटायचा. "मिस्त्री यंत्र बघतो," तात्या आईला म्हणाले. "फसवणूक काही यंत्र करत नाही, विकणारा करतो. तेव्हा विकणारा ओळखेल असा माणूस न्यावा."

"बरं. उद्या बैल घ्यायचे झाले तर ड्रायव्हरला घेऊन जा," आई म्हणाली.

अण्णा ओसरीवर बसून पान लावत होते. मोटारीत त्यांनी उभ्या जन्मात पाऊल ठेवलं नव्हतं. 'मला त्यातलं कळत नाही,' एवढं म्हटलं असतं तर सगळे सुटले असते. पण हे वाक्य अण्णांच्या तोंडून आजवर कुणी ऐकलं नव्हतं, आणि त्यांनाही ते म्हणायची सवय नव्हती.

"चालती का?" त्यांनी विचारलं.

"चालते म्हणतात."

"वझं वढती?"

"ओढते की."

"मंग जनावरच हाय ते," अण्णा पान तोंडात सारत म्हणाले. "चला. कवा निघायचं?"

मुरूमला काय घडलं ते मी तात्यांकडून इतक्यांदा ऐकलंय की ती मोटार, ते कडुलिंबाचं झाड आणि ओट्यावर बसलेली चन्नबसप्पांची म्हातारी आई नीलव्वा, सगळं मला समोर दिसतं. मोटार झाडाखाली उभी होती. काळी, रुंद, गोल डोळ्यांची, अंगावर पिवळी पानं पडलेली. चन्नबसप्पांचा ड्रायव्हर रेवणसिद्ध ती पानं एकेक वेचून काढत होता, नवरीच्या पदरावरची अक्षत वेचावी तसा.

अण्णांनी फेरी घातली. टायरांवर अंगठा दाबून पाहिला. "खूर झिजलेत," ते तात्यांना हळूच म्हणाले. "जनावर जुळलेलं हाय, कवळं न्हाय." मग उकिडवं बसून त्यांनी मोटारीच्या पोटाखालची जमीन बघितली. तिथं काळा ओला डाग होता.

"बसल्या जागी मुतती वाटतं?"

"तेल आहे हो अण्णा, तेल," चन्नबसप्पा घाईनं म्हणाले. "थोडं थोडं सांडतंय. म्हातारी झाली की माणसाचंही होतंयच की."

"अम्मा ऐकतेत," रेवणसिद्ध पुटपुटला. ओट्यावरून नीलव्वानं एक जळजळीत नजर टाकली आणि चन्नबसप्पा गप्प झाले.

अण्णांनी मोटारीचं तोंड उघडायला सांगितलं. रेवणसिद्धनं बॉनेट वर केलं. अण्णा आत वाकले. नळ्या, तारा, पट्टे, काजळी. तात्या सांगायचे की अण्णांचा चेहरा क्षणभर नुकत्याच नांगरलेल्या रानासारखा झाला, त्यावर काहीच उगवलेलं नव्हतं. पण ते बराच वेळ आत बघत राहिले, कारण लवकर मान वर काढणं बरं दिसलं नसतं.

"हं. बरं हाय," ते शेवटी म्हणाले. "झाका."

एवढ्यात रेवणसिद्धनं मोटारीच्या टाकीत पाणी ओतायला घेतलं. एक बादली गेली, दुसरी गेली. पाणी आत जाताना गुटगुट आवाज येत होता. अण्णांचा चेहरा उजळला.

"रोज येवढं पिती?"

"लई पिती, मालक," रेवणसिद्ध म्हणाला. तो खोटं बोलणाऱ्यातला नव्हता. "नळदुर्गपर्यंत जायचं म्हटलं तरी वाटेत पाजावंच लागतंय."

"बघा तात्या," अण्णा म्हणाले. "पाण्याला वाढलेलं जनावर. असं जनावर कामाला हटत न्हाय."

तात्यांच्या मनात इथं शंका आली होती. पण वकिलाला दुसऱ्याच्या साक्षीदाराला मध्येच तोडायची सवय असते, स्वतःच्या नाही.

मग अण्णांनी रेवणसिद्धला बाजूला घेतलं. बैलाच्या बाबतीत त्यांचा हा नियमच होता: मालकाला विचारायचं नाही, वैरण घालणाऱ्याला विचारायचं. "पोरा, खरं सांग. खोड काय हाय हिला?"

"एकच हाय, मालक. बटनानं उठत न्हाय. ह्ये हँडल फुडनं घालून फिरवलं की मातर एका हाकेला उठती. हँडलबिगर हालत न्हाय कधी."

"म्हंजी वळखीचा हात लागल्याबिगर उठत न्हाय," अण्णा खूश झाले. "इमानी हाय."

रेवणसिद्धनं मोटारीच्या नाकाखालच्या भोकात ते लोखंडी वाकडं हँडल घातलं, कमरेतून वाकून हिसका दिला, आणि मोटार खरोखरच एका हाकेला उठली. गावाबाहेरच्या मारुतीपर्यंत तिला फिरवून आणलं. अण्णा मागच्या बाकावर दोन्ही हातांनी बाक धरून आणि डोळे गच्च मिटून बसले होते. "चाल ऐकत हुतो," असं त्यांनी नंतर सांगितलं.

परत आल्यावर ते खाली उतरले, धोतर सारखं केलं, मागं सरकून डोळे बारीक केले आणि मोटारीच्या टपावर थाप मारली. पत्रा ढोलासारखा वाजला. लिंबावरचे पारवे उडाले. उपरण्याखाली अण्णांची आणि चन्नबसप्पांची बोटं एकमेकांशी बोलली, आणि आपली मोटार केवढ्याला पडली हे तात्यांना सगळ्यांत शेवटी कळलं.

इथवर कुणाचंही काही चुकलेलं नव्हतं, निदान फार चुकलेलं नव्हतं. जुनी मोटार घेताना माणसं याहून मोठ्या चुका करतात.

मोटार चालूच होती. तात्या चाकावर बसून भोंगा दाबून बघत होते. रेवणसिद्ध हँडल मागच्या बाकाखाली ठेवायला लागला, तेवढ्यात अण्णांनी हात आडवा घातला.

"थांब. ह्ये कुठं ठिवतूस?"

"गाडीत, मालक."

"ह्येलाच धरून उठती म्हनालास न्हवं ती?"

"व्हय."

"मंग ह्ये तिचं दावं झालं."

आमच्या भागात बैल विकला तरी दावं विकत नाहीत. जनावर जातं, दावं मागं राहतं. ते दिलं तर गोठ्याची बरकत त्याच्यामागं निघून जाते. नवा धनी आपलं नवं दावं घेऊन येतो आणि जुनं जुन्याच्या खुंटीवर राहतं. दावं मागणाऱ्या गिऱ्हाइकांचे सौदे अण्णांनी भर बाजारात मोडले होते. दुसऱ्याच्या घरची लक्ष्मी आपल्या हातून हलावी हे त्यांच्या नावाला शोभणारं नव्हतं.

त्यांनी रेवणसिद्धच्या हातातून हँडल काढून घेतलं आणि दोन्ही हातांनी चन्नबसप्पांपुढं धरलं. "धन्यानं दावं ठिवून घ्यावं."

चन्नबसप्पा मोटारीत नेहमी मागं बसायचे. ती कशानं सुरू होते हे त्यांनी कधी खाली वाकून बघितलं नव्हतं. त्यांना एकदम भरून आलं. पण त्यांच्याआधी नीलव्वा ओट्यावरून उतरली होती.

"बघ चन्न्या! ह्याला म्हणावं जाणता माणूस," ती म्हणाली. "त्या जहागीरदारानं आपल्याला मोटारीबरोबर ह्ये पण देऊन टाकलं हुतं. काय झालं त्याचं? जहागीर राहिली का?"

जहागीर खरोखरच राहिली नव्हती.

"पर अम्मा, हँडलबिगर ती गाडी—" रेवणसिद्ध म्हणाला.

"सुम्म इरो!" नीलव्वा कानडीत गरजली आणि तो गप्प झाला. "मोठी माणसं बोलतेत आन् ह्येचं मधीच."

रेवणसिद्धनं काकुळतीनं तात्यांकडं बघितलं. तात्यांच्या हैदराबादच्या मित्राची मोटार बटणानं सुरू व्हायची, आणि जगातली कुठलीही मोटार मनात आणलं तर बटणानं सुरू होईल असं त्यांना वाटत होतं. त्यांनी पुन्हा एकदा भोंगा वाजवला.

परतीच्या वाटेवर नळदुर्गला बोरी नदीवर मोटार पोटभर पाणी प्याली आणि अण्णांनी पुन्हा तिचं कौतुक केलं. तुळजापुरात शिरल्यावर माणसं दुकानांच्या पायऱ्यांवर उभी राहून बघू लागली. आईनं तिच्या कपाळावर, म्हणजे दोन दिव्यांच्या मधोमध, कुंकू लावलं. चाकाखाली लिंबू ठेवलं. तात्यांनी मोठ्या ऐटीत किल्ली फिरवली आणि मोटार शांत झाली.

ती शांतता पुढं बरेच दिवस टिकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी काळा कोट घालून तात्यांनी बटण दाबलं, तेव्हा आतून कुणीतरी घसा खाकरल्यासारखा आवाज आला आणि थांबला. तात्या एसटीनं गेले. त्यानंतर त्यांनी सोलापूरची दुकानं पालथी घातली. इतक्या जुन्या मोटारीचं हँडल कुणाकडंच नव्हतं. गावातल्या लोहारानं एक घडवून दिलं. ते आत जाऊन गरागरा फिरायचं, पण इंजिनाला काही लागायचं नाही. उतारावर ढकलली की मोटार सुरू व्हायची, हे एकदा ध्यानात आलं. पण आमच्या दारातून उतार निघतो तो घाटाकडं, आणि उस्मानाबाद त्याच्या नेमकं उलट्या अंगाला. मोटार उताराच्या सगळ्या गावांना जाऊ शकत होती. तिथं तात्यांचं काही काम नसायचं.

बातमी तामलवाडीला पोचली. अण्णा आपली खिलार जोडी घेऊनच आले.

"दावं द्यायचं म्हंजी नवं आनायचं, ह्ये म्या तुमाला सांगायला पायजे हुतं," ते म्हणाले. त्यांच्या मते चूक एवढीच होती. "आता काळजी करू नका. बैल लावतो. वढून सुरू करू."

बैल जुंपले. तात्या चाकावर बसले. अण्णांनी बैलांना आवाज दिला, मोटार हलली, चार घरं पुढं गेली, आणि तात्यांनी क्लचवरचा पाय उचलताच इंजिन एवढ्या मोठ्यानं धडाडलं की बैलांनी मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही. ते उधळले. मागून काहीतरी भयंकर पाठीस लागलंय, आणि जितकं पळावं तितकंच ते जवळ राहतंय, हे बैलांच्या बाजूनं बघितलं तर खरंच होतं. तात्यांनी माणसांना बाजूला सारायला भोंगा वाजवला. बैल आणखी जोरात पळाले. मुनसिफ कोर्टाच्या आवारात पक्षकार उभे होते. त्यांच्यासमोरून काळा कोट घातलेले तात्या, पुढं दोन बैल, मागं धूर आणि त्याच्यामागं उपरणं हातात घेऊन धावणारे बलभीमअण्णा, अशी ती मिरवणूक गेली. ती गावाबाहेरच्या हौदावर थांबली. तिथं बैल पाणी प्याले आणि मोटारही.

लोकांना एवढंच हवं होतं.

"वकीलसाहेब, मोटार आणली का छकडा?"

"अण्णा, तिघांत चांगला कोण हो? मधला का कडंचा?"

"अण्णा, माझी शिवणाची मशीन बघता का? वैरण खात न्हाय दोन दिस झाले!"

हसण्याचं अण्णांना फार काही वाटलं नाही. पण आठवड्याच्या बाजारात एका गोऱ्ह्याच्या पाठीवर त्यांची थाप पडली आणि घेणारा म्हणाला, "जरा आनखी कुनाला तरी दावतो." त्यानंतर लोहारा गावच्या लिंबाजीचा निरोप आला. लिंबाजी दरवर्षी नळदुर्गच्या बाजारात अण्णांच्या थापेशिवाय बैल घ्यायचा नाही. निरोप असा होता: यंदा आमचं आमी बघतो, अण्णांनी तरास घेऊ नये.

त्या दिवशी अण्णा आमच्या ओसरीवर बसले होते. पान पुढं होतं, चुना लावलेला होता, पण ते दुमडायचं त्यांच्या लक्षात राहिलं नव्हतं. उजवा हात मांडीवर उताणा पडला होता. असा उगाच पडलेला त्यांचा हात मी कधी पाहिला नव्हता.

"तात्या," ते म्हणाले, "पौषाच्या आत मोटार उठली पायजे. आन् म्या तिच्यात बसून नळदुर्गला गेलो पायजे. न्हायतर फुडं बाजारात जायाचं कशाला? भजी खायला?"

"मग मुरूमला जाऊ. हँडल मागून आणू."

"दावं मागायचं?" अण्णांनी मान वर केली. "म्या?"

पान त्यांनी तसंच खाली ठेवून दिलं. मग उठून, मोटारीकडं न बघता, घाटाच्या वाटेनं गावी गेले. दोन दिवसांनी परत आले तेव्हा त्यांच्या काखेत एक गाठोडं होतं.

दोघं एसटीनं मुरूमला गेले. तिथं हँडल गोठ्यात खुंटीवर टांगलेलं होतं. त्याला हळदकुंकू वाहिलेलं होतं, लाल दोरा बांधलेला होता. नीलव्वानं अण्णांना ताक दिलं आणि हँडलचे गुण सांगितले. ते टांगल्यापासून म्हशीला रेडी झाली. जीपचं टायर एकदाही बसलं नाही. सुनेचा दमा हटला.

"आव्वा," अण्णा खाली बघत म्हणाले, "ते दावं पायजे हुतं."

नीलव्वानं त्यांच्याकडं असं बघितलं, जणू देवळातल्या गुरवानं समई विकत मागितली होती. "तुमी मागताय? तुमीच सांगितलं की, दावं देऊ नये म्हणून."

"सांगितलं हुतं."

"मग खोटं सांगितलं का?"

"न्हाय. खरंच हाय ते."

तात्यांना वाटलं, इथं आपण बोलायला हवं. "बाई, कायद्यानं पाहिलं तर मोटार विकली म्हणजे मोटारीच्या अनुषंगानं येणाऱ्या सर्व—"

"ह्ये वकील हायत का?" नीलव्वानं अण्णांना विचारलं.

"व्हय."

"मग ताक प्या म्हणावं."

तात्या ताक प्याले. दाराशी उभा असलेला रेवणसिद्ध छताकडं बघत होता. त्याचं म्हणणं त्यानं पूर्वीच मांडून बघितलं होतं.

अण्णांनी गाठोडं सोडलं. आत एक जुनं दावं होतं. अंबाडीचं, मधे मधे काळं पडलेलं, धरून धरून गुळगुळीत झालेलं. एका टोकाला पितळेचा छोटा घुंगरू होता.

"खुटी मोकळी ऱ्हाऊ देत न्हाय मी, आव्वा," ते म्हणाले. "ह्ये टांगा."

नीलव्वानं दावं हातात घेतलं, नाकाशी नेलं. "कुणाचं?"

"हरण्याचं."

"कसा हुता?"

आणि अण्णा, जे बैलाबद्दल थापेपलीकडं कधी बोलत नव्हते, ते बोलायला लागले. हरण्या त्यांच्या घरच्याच गाईचा. पांढरा, पण संध्याकाळच्या उन्हात पिठूळ गुलाबी दिसायचा. पाण्यावर गेला की आधी जोडीदाराला पिऊ द्यायचा. सोनारीच्या यात्रेत एका देशमुखानं त्याला बघितलं आणि पुढं तीन वर्षं माणसं पाठवत राहिला. शेवटी अण्णांनी दिला. हरण्या गेला त्या संध्याकाळी त्यांनी हे दावं खुंटीवर टांगलं, आणि नंतर गोठ्यात दुसरे बैल आले तरी ती खुंटी दुसऱ्या कुणाला दिली नाही. रोज वैरण टाकताना घुंगराला बोट लागायचं.

"आता न्हाय लागनार," ते म्हणाले. "चालंल."

नीलव्वा उठली. तिनं खुंटीवरचं हँडल काढलं, हरण्याचं दावं तिथं अडकवलं, आणि दोन बोटांनी घुंगरू एकदा वाजवून बघितला. हँडलवरचं कुंकू तिनं पदरानं पुसलं नाही. "ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "म्हातारीला जपा."

रेवणसिद्धनं हँडल कसं मारायचं ते दाखवलं. अंगठा चार बोटांच्याच बाजूला ठेवायचा, नाहीतर उलटा झटका बसून मनगट जातं. अण्णांनी ते दोनदा करून बघितलं. "लाथ मारती म्हन की," ते म्हणाले. "खोड एकच सांगितली हुतीस तू."

"सांगत हुतो, मालक," रेवणसिद्ध म्हणाला. "कुणी ऐकंना."

पौष पौर्णिमेला मोटार नळदुर्गला निघाली. तात्या चाकावर, शेजारी हँडल मांडीवर आडवं घेऊन अण्णा. वाटेत ती ठिकठिकाणी पाणी प्याली. या वेळी अण्णांनी तिचं कौतुक केलं नाही. फक्त प्रत्येक वेळी बादलीकडं जरा वेगळ्या नजरेनं बघत राहिले. बाजारात शिरेपर्यंत तिच्या नाकातून वाफ निघत होती. तात्यांनी तिला लिंबाखाली थांबवून बंद केलं. माणसं जमली.

"बैल कुठं सोडले, अण्णा?"

"आता परत कसं जायचं? दोघं वढत नेणार?"

गर्दीत लिंबाजीही होता. तो हसत नव्हता, पण पुढंही येत नव्हता.

अण्णा खाली उतरले. उपरणं कमरेला बांधलं. हँडल मोटारीच्या नाकाखाली घातलं, अंगठा बोटांच्या बाजूला घेतला, आणि हिसका दिला. काही नाही. कुणीतरी शीळ घातली. त्यांनी दुसरा हिसका दिला आणि मोटार एवढ्या जोरानं उठली की बांधलेली जनावरं दाव्यांना ताण देऊन उभी राहिली. हसणारे मागं सरकले. अण्णा ताठ झाले. इतक्या दिवसांचं सगळं त्यांच्या खांद्यात आलं आणि आयुष्यभराच्या सवयीनं उजवा हात आपोआप वर गेला.

थाप बॉनेटवर पडली.

तीस-बत्तीस किलोमीटर वाफ ओकत आलेला तो पत्रा होता. भाकरी टाकली असती तर फुगली असती. पण सगळा बाजार बघत होता, आणि पडलेली थाप अण्णांनी कधी घाईनं उचलली नव्हती. त्यांनी ती नेहमीइतकाच वेळ ठेवली. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. लोकांना वाटलं, माणूस गहिवरला.

मग हात उचलून त्यांनी तो पाठीमागं लपवला.

"ऐका," ते म्हणाले. "बैल लई पानी पीत आसंल तर घ्या. मोटार पीत आसंल तर घिऊ नका. बैलाचं दावं मागू नका. मोटारीचं मागून घ्या, लाजू नका." ते थांबले. पुढचं वाक्य त्यांना नवीन होतं. "मोटारीतलं मला कळत न्हाय. म्या चुकलो."

बाजारात असं कुणी बोलत नाही. मोटार घरघरत होती. मग लिंबाजी पुढं आला.

"अण्णा, तिकडं एक देवणी जोडी हाय. बघता का?"

"आरं, आत्ताच म्हनले न्हवं चुकलो म्हनून?" शेजारचा एकजण म्हणाला.

"म्हणून तर," लिंबाजी म्हणाला. "चुकायचं तेवढं मोटारीत चुकून घेतलंय त्यांनी. बैलाच्या वाट्याचं शिल्लक न्हाय."

माणसं हसली, पण वाट करून दिली. अण्णा त्या जोडीपाशी गेले. सावकाश फेरी घातली. दात बघितले, खूर बघितले, एका बैलाच्या कानाशी वाकून काहीतरी पुटपुटले. मागं सरकून डोळे बारीक केले. मग पुढं येऊन त्यांनी वशिंडाच्या मागं थाप मारली. डाव्या हातानं.

लिंबाजी दचकला. "डाव्या हातानं का, अण्णा?"

"उजवा मोटारीला दिलाय," अण्णा म्हणाले. "ह्यो बैलांना."

आवाज तोच होता, ओल्या जमिनीवर ढेकूळ पडावं तसा. लिंबाजीनं पुढं काही विचारलं नाही.